बगळ्याची चाल

९ नोव्हेंबर

किरणला माझं लंगडणं हवंय.

जेवताना म्हणाला, भाकरी मोडत — ताई, तुझी चाल दे ना आम्हाला. आई म्हणाली, देऊ कशी? तिच्याकडं काय दुसरी आहे?

अंधेरीच्या एमआयडीसीत त्याची कंपनी चालणारं यंत्र बनवते. लढाईसाठी. दोन लांब पाय, वर आखूड धड, धडात बंदूक. आत माणूस नाही. कामगार त्याला बगळा म्हणायचे, आता साहेबही म्हणतात. चिखलात चालतं, जिना चढतं. एका पायाला गोळी लागली की मात्र आडवं होतं. सैन्याला ते मान्य नाही. एक गुडघा गेला तरी पुढे गेलं पाहिजे.

— मग तुम्हीच लंगडा की.

— लंगडलो यार! अख्खं डिपार्टमेंट लंगडलं. सोंग केलं की यंत्र तोंडावर पडतं. खरं पाहिजे.

दोन वर्षांची असताना पोलिओ झाला. डावा पाय. आजवर कोणी मागितला नव्हता.

१० नोव्हेंबर

हो म्हणाले. किरण म्हणतो, यंत्र पुढे असलं की जवान मागे असतो. वाचतो.

१६ नोव्हेंबर

अंधेरीतलाच स्टुडिओ. एरवी तिथे सिनेमातले नाच टिपतात. मला काळा घट्ट पोशाख दिला, सांध्यांवर पांढरे ठिपके. आरशाकडे गेले नाही. कॅमेरे सांभाळणारे देवेश म्हणाले, मॅडम, शोभा आणू नका, घरच्यासारखं चाला.

फळ्यांचा जिना, खडी, उतार, नुसत्याच उभ्या केलेल्या दाराच्या चौकटी. दिवसभर चालले. माझ्या पायाकडे कोणी चोरून पाहिलं नाही. सगळे उघड पाहत होते.

बरं वाटलं. लिहून ठेवते, कारण उद्या नाकारेन.

२ डिसेंबर

बगळा माझ्यासारखा चालतो! किरणने मोबाइलवर दाखवलं. एक पाय मुद्दाम निकामी केलेला. तो कमरेतून फेकतो, दुसऱ्या बाजूला झुकतो, पुन्हा सावरतो. पाठमोरा पाहिला. स्वतःला मागून पाहायची सवय नसते.

आईला फक्त उजेड कळतो आता. तिने विचारलं, कसं चालतंय रे?

— ताईसारखं.

— मग सावकाश जाईल. बरं आहे.

आई मला चाहुलीवरून ओळखते. म्हणजे चाहूल थांबते त्यावरून. उंबऱ्याशी मी थांबते. चौकटीला हात लावायचा, पाय बघायचा, मग टाकायचा. जालन्याच्या घरात लहानपणी उंबऱ्यावर आपटून पुढचे दात पाडले होते, तेव्हापासूनचा तिचा नियम. जोगेश्वरीच्या या घराला उंबरा म्हणजे फरशीची पट्टी. तरी थांबतेच. मग आतून येतं — आलीस का बाई?

कॉलेजात वर्गाच्या दारातही थांबते. मुलं मला 'सिग्नल' म्हणतात. त्यांना वाटतं मला माहीत नाही.

२१ जानेवारी

सीमेवर सुरू झालं. आज वर्गात कविता शिकवली. कोणी ऐकली नाही. मीही नाही.

४ फेब्रुवारी

व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर आहे. पलीकडचं एक गाव. बगळ्याचा डावा गुडघा फुटलेला, खाली तारा लोंबतायत. लोक पळतायत. तो त्यांच्यामागे चाललाय — कमरेतून पाय फेकत, झुकत, सावरत. एका घराच्या दारापर्यंत जातो. आत कोण आहे ते दिसत नाही. तिथे व्हिडिओ संपतो.

तासाला गार्गीने विचारलं, मॅडम, तो लंगडा बगळा बघितलात? झकास ना! मी फळ्याकडे गेले. वळले तेव्हा सगळा वर्ग माझ्या पायाकडे पाहत होता. गार्गीने मान खाली घातली.

कोणीतरी हळूच म्हणालं — सेम टू सेम.

१० फेब्रुवारी

किरण दोन दिवस कंपनीतच होता. आज आला, चहा तसाच ठेवला.

बगळा दारात थांबतो. पाय शाबूत असेल तर नाही, लंगडा झाला की. प्रत्येक दारात! जरा थांबतो, मग आत पाऊल टाकतो. पलीकडच्यांच्या हे लक्षात आलंय. तो थांबला की ते मागच्या बाजूने निसटतात. एका घरातून सगळे निसटले, म्हातारी माणसं, पोरं, सगळे.

— रेकॉर्डिंगमध्येच आहे ते, ताई. तू चौकटीत थांबलीस. प्रत्येक वेळी.

— मग तेव्हा का नाही दिसलं तुला?

त्याने थंड चहा बाजूला सारला. मग म्हणाला, मी जन्मापासून तुझ्यामागे दारात थांबतोय. मला ते थांबणं वाटतच नाही.

तो चिडलाय. मला आनंद झालाय. मी तो त्याला दाखवला नाही. सगळे निसटले!

१३ फेब्रुवारी

लवू परब. बोरिवलीचा जवान. बगळ्याच्या आडोशाने चालला होता. बगळा दारात थांबला, मागचे जवान उघड्यावर अडकले. समोरच्या गच्चीवरून गोळी आली.

किरण कंपनीच्या माणसांबरोबर त्याच्या घरी जाऊन आला. लवूच्या वडिलांनी एकच विचारलं — ता थांबला कित्याक?

उत्तर या खोलीत बसून लिहितंय.

१५ फेब्रुवारी

पुन्हा चाल, म्हणतो. न थांबता.

— कापून टाका ना तेवढं.

— कापलं की पडतं गं. पुढचं पाऊल त्या थांबण्यातनंच उचललं जातं. नवीनच टिपायला लागेल.

— मी नाही येणार. त्या घरांतून कोणी म्हातारी असेल रे, पोरं असतील.

— लवूला आई नव्हती?

आई कॉटवर बसून ऐकत होती. म्हणाली, तिला थांबायला मी शिकवलं. आता मोडायला मला सांगू नका.

किरण उठून गेला. जाताना चपला हातात घेऊन गेला, मला आवाज येऊ नये म्हणून. लहानपणी रुसला की असाच जायचा.

१८ फेब्रुवारी

आणखी एक जवान. दारातच. याचं नाव मी विचारलं नाही.

२२ फेब्रुवारी

गेले.

स्टुडिओतल्या पहिल्या चौकटीत थांबले. परत फिरून आले, पुन्हा थांबले. ठरवून नाही — हात आपोआप चौकटीकडे जातो. देवेश म्हणाले, मॅडम, पाणी घ्या. कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं.

मग किरण चौकटीच्या आतल्या बाजूला जाऊन उभा राहिला. दोन्ही हात पुढे केले, पोराला चालायला शिकवताना करतात तसे.

— ये ताई. पडणार नाहीस.

नाही थांबले. त्यानंतर एकदाही नाही. संध्याकाळपर्यंत पाय स्वतःच जाऊ लागला.

सोपं होतं. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

२७ फेब्रुवारी

बातम्यांत म्हणाले, बगळ्यात सुधारणा केली आहे. तीन गावं घेतली. घरांबद्दल काही म्हणाले नाहीत.

१ मार्च

कॉलेजातून आले. दार लोटलेलंच होतं, सरळ आत गेले.

आई कॉटवर दचकून उठली. भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे सरकली. — कोण आहे? कोण आलंय?

तिने दोन्ही हात तोंडापुढे धरले.