बाबांनी वर केलेलं बोट

मसुरे, एप्रिल १९५८

रा. रा. दत्ताराम यांस,
कावेरीचा नमस्कार.

काल मळ्यातल्या सामन्यात बाबांनी तुम्हाला रनआउट दिलं, तेव्हा आम्ही बायका रेषेच्या समोरच बसलो होतो. तुमची बॅट चांगली हातभर आत होती. तुम्ही बॅट काखेत घालून परतलात. तुमचे काका मात्र तिथेच ओरडले, "असल्या घरची सोयरीक आमका नको!" आणि तुमची सगळी मंडळी आमच्या घरी जेवणाची वाढलेली पानं टाकून आचऱ्याला निघून गेली.

क्लब उभा केल्यापासून बाबाच अंपायर. त्यांच्या बोटावर आजवर कुणी शंका घेतली नव्हती.

घरी आल्यावर मी विचारलं, "बाबानू, ते आत होते मां?"

"होय. तो आत होतो."

"मगे आउट कित्याक?"

"नॉट आउट दिल्यार लोक म्हणतले, जावयाक राखल्यान. तेकाच भियालंय."

बाबा लोकांना भ्याले! मला अजून खरं वाटत नाही. आज सकाळी देवळात सगळ्या क्लबासमोर त्यांनी हेच सांगितलं. तिथूनच ते तुमच्या घरी यायला चालत निघाले. जाताना मला म्हणाले, "तू काय लिहू नको. ह्यां माझ्याच तोंडान सांगूक व्हया."

म्हणून हे पत्र लिहिलं तरी धाडणार नाही. पण काका दार लावून घेतील, हे मला ठाऊक आहे. तुम्ही घरात असाल तर बाबांना निदान पाणी विचारा.

तुमची म्हणायचा हक्क उरला की नाही, हे न कळलेली,
कावेरी