आटपाडीची ती नोकरदार बाई

अहो,

दुसरा मायना सुचेना. ‘प्रिय’ लिहिलं, खोडलं. एकतीस वर्षांत तुम्हाला नावानं हाक मारली नाही, आता तुम्ही गेल्यावर कुठं सुरुवात करू?

आज लिहायला बसले, कारण सोमवारी कुलकर्णी मॅडमना उत्तर द्यायचंय. तुमच्या विभागात आता त्याच तुमचं पुस्तक पुरं करतायत. सगळी प्रकरणं छापखान्यात गेली, एक पान तेवढं अडलंय. तेही माझ्या परवानगीसाठी! तुमच्या पुस्तकाला माझी परवानगी लागेल असं कुणी पूर्वी म्हटलं असतं, तर आपण दोघं पोट धरून हसलो असतो.

पाच आठवडे झाले. मला अजून खरं वाटत नाही हो. बुधवारी सकाळी आटपाडीच्या गाडीसाठी निघालात, धडधाकट, बडबड करत. तासाभरात फोन वाजला. सांगली स्टँडवरून एक कंडक्टर बोलत होता. ‘ह्या मोबाईलात घर म्हून नंबर हाय, तुमी कोन?’ पुढचं तो काय म्हणाला ते मला कळलंच नाही. मी तेवढंच धरून बसले, की तुमच्या मोबाईलमध्ये माझं नाव नाही, मी नुसती ‘घर’ आहे. माणूस जातो आणि आपल्या डोक्यात हे येतं. लाज वाटते लिहायला, पण आलं खरं.

तुमची कागदांची पिशवी दवाखान्यातून परत मिळाली. मी ती उघडली नाही. खुंटीला अडकवून ठेवली आणि येता-जाता तिच्याकडे बघायचं टाळलं.

मग हौसाबाईंचा फोन आला. तुम्ही ज्यांच्याबद्दल इतकं बोलायचात त्या आटपाडीकडच्या हौसाबाई. ‘बाई, सर गेलं, लय वंगाळ झालं. पर कागद वाचाय पायजेत. वाचून दावल्याबिगर छापायचं न्हाई, आसं सरांनीच ठरिवलं व्हतं न्हवं? तुमी या.’

हा तुमचा नियम मला पाठ होता. ज्याची गोष्ट, त्याला आधी वाचून दाखवायची, तो ‘व्हय, लिवा’ म्हणाला तरच छापायची. बाकीचे संशोधक कागदावर अंगठे घेतात, तुम्ही पान वाचायला ऐंशी-नव्वद किलोमीटर जायचात. प्रत्येकाला, गरीब-श्रीमंत न बघता, दर महिन्याला जगण्यापुरते पैसे द्यावेत आणि त्याबद्दल काही विचारू नये, हे न्यायाचं आहे का? या एका प्रश्नावर तुम्ही नोकरीची किती वर्षं घातलीत! मी म्हणायचे, अहो, हा प्रश्न दिल्लीतल्या लोकांना विचारा, त्या बायांना कशाला छळता? तुम्ही म्हणायचात, त्यांनाच तर न्याय म्हणजे काय ते कळतं.

आठवतं, पहिल्या खेपेहून कसे हसत आला होतात? पारावर बसून तुम्ही ‘बिनशर्त उत्पन्न, बिनशर्त उत्पन्न’ करत होतात, आणि एक गडी म्हणाला, ‘बिनशर्यतीचं कसं वो सर? बैल न्हाई पळवायचा, तर पैसं कुनाला द्यायचं?’ बैलगाड्यांच्या मुलखात शर्त म्हणजे शर्यतच की! शेवटी हौसाबाईंनीच गाडी रुळावर आणली. ‘म्हंजी, कशाला पायजेत म्हून कुनी इचारायचं न्हाई. आसंच न्हवं सर?’ त्या दिवशी तुम्ही जेवताना उठून ते वाक्य टिपून ठेवलंत. प्रकरणाला नावच दिलंत, ‘कशाला?’

मी वाढता वाढता ऐकत होते आणि मनात म्हणत होते, वा रे शहाणे!

आता बोलूनच टाकते. आपल्या घरात हा शब्द सगळ्यात जास्त कोण वापरायचं? पगार माझा, पण पासबुक तुमच्या कपाटात. मागितलं की तुम्ही पुस्तकातून मान वर न काढता म्हणायचात, ‘कशाला गं?’ रागानं नाही. कधीच नाही. कारण सांगितलं की लगेच द्यायचात, वर चार जास्तच. म्हणून मी कारणं बनवायला शिकले. मला नुसतं माहेरी जावंसं वाटलं की कोरेगावची वहिनी आजारी पडायची. बिचारी ठणठणीत होती, पण आपल्या घरात तिचे गुडघे, पित्त, डोकं, सगळं वर्षभर दुखत होतं!

तर मी आटपाडीला गेले. पिशवी न उघडताच घेऊन गेले. शाळेच्या व्हरांड्यात पंधरा-वीस बाया बसल्या होत्या. मी तिथंच पिशवी पहिल्यांदा उघडली आणि चौथीच्या वर्गाला वाचून दाखवते तसं खड्या आवाजात वाचायला लागले. हौसाबाईंचं झालं, त्यांच्या जावेचं झालं. प्रत्येकीनं ‘व्हय, लिवा’ म्हटलं. मग हे पान आलं.

‘आटपाडी भागातील एका नोकरदार स्त्रीला सायकल घ्यावीशी वाटली. पतीने विचारले, कशाला? शाळा चालत पाच मिनिटांवर होती, बाजारही जवळ होता. तिला कारण देता आले नाही. ती म्हणाली, असंच. सायकल आली नाही. पतीने नकार दिला नव्हता, फक्त विचारले होते. ज्या माणसाला असंच म्हणण्याइतकी जागा नाही, त्याचे पोट भरलेले असले तरी त्याला न्याय मिळाला असे म्हणता येणार नाही.’

‘सायकल’ला माझा आवाज अडखळला. तरी मास्तरणीची सवय, वाक्य पुरं केलं. मग पान संपेपर्यंत मान वर काढली नाही.

एक बाई म्हणाली, ‘ह्यी कोन वो? आमच्यात पगारी बाई एकबी न्हाई.’

‘आन् सायकल कुनाला पायजे व्हती?’ दुसरी म्हणाली. सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या.

हौसाबाई माझ्याकडं बघत होत्या. ‘आवं बाई,’ त्या हळूच म्हणाल्या, ‘ह्यी तुमीच की!’

मी ‘हो’ म्हणून मान हलवली. ‘आन् सरांनी तुमाला आमच्या गावची केली व्हय!’ असं म्हणून एक हसली, मग सगळ्याच हसल्या, मीही हसले, आणि हसता हसता मला असं रडू फुटलं की हौसाबाईंनी उठून मला जवळ घेतलं. तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा मी अशी रडले नव्हते.

मग त्या म्हणाल्या, ‘मागल्या खेपंला सर म्हनलं व्हतं, आता यीन तवा एका बाईला संगं आनतू. तिला हितंच, तुमच्यात बसवून वाचून दावायचंय. एकट्यानं दावायचं धाडस हुईना म्हनलं. आमाला वाटलं, आसंल कुनी कालेजातली.’

अहो! इतकं ठरवलं होतंत?

दहा वर्षांपूर्वीची ती सायकल तुमच्या लक्षात होती? मला वाटलं, पुढच्या पानावर जाईपर्यंत विसरलात. मला तेव्हा फक्त कृष्णेच्या घाटापर्यंत जाऊन परत यायचं होतं. काम काही नव्हतं. हे तुम्हाला सांगायला तेव्हा शब्द नव्हते, ते तुम्ही माझ्या वतीनं शोधलेत, आणि किती नेमके! मग हे पान लिहिलंत त्याच संध्याकाळी माझ्याशी का नाही बोललात? पुस्तकात कबूल करता येतं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून नाही? मला तुमचा राग येतो. तुम्ही समोर नाही, म्हणून जास्तच येतो.

कुलकर्णी मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘ते पान गाळू या, नाहीतर आटपाडीच राहू दे. खरं छापलं तर लोक म्हणतील, सर जगाला न्याय शिकवत होते आणि घरी असे होते. सगळं पुस्तक त्या एका पानावरून मोजतील.’ त्यांची तळमळ तुमच्यासाठीच आहे. चार दिवस मीही तेच म्हणत होते. गेलेल्या माणसाचं नाव का खाली आणायचं?

पण आटपाडी ठेवलं तर ते खोटं होईल. तिथल्या बायांनी ते पान ऐकून ‘आमच्यात एकबी न्हाई’ म्हटलंय, म्हणजे तुमच्याच नियमानं ते नापास झालंय. आणि गाळलं तर मी पुन्हा गप्प बसले असं होईल. मला ते नको.

म्हणून हा माझा शब्द: पान छापलं जाईल. आटपाडी खोडून सांगली लिहीन, स्त्रीच्या जागी माझं नाव घालीन. आणि सगळा दोष तुमच्या एकट्याच्या माथी मारणार नाही. खाली चार ओळी माझ्या असतील. त्या मी कुणालाच सांगितलेल्या नाहीत, हौसाबाईंनाही नाहीत. कुणी गाळा म्हटलं तर मी ऐकणार नाही. पण ज्याची गोष्ट त्याला आधी वाचून दाखवायची ना? तर ऐका.

‘त्या बुधवारी सकाळी बूट घालताना ते मला म्हणाले, आज तूही चल आटपाडीला. मी पोळ्या लाटत होते. मान वर न काढता मी विचारलं, कशाला? ते थोडा वेळ दारात उभे राहिले, मग म्हणाले, असंच. मी गेले नाही.’

तुमची,
विजया