नावाची पट्टी कापलेले अंक

मी, थोरा किनमंड, वय एकाहत्तर, अविवाहित, टपाल खात्यातून निवृत्त, राहणार डंडी, हिलटाउनच्या चढावर पूर्वी आमचं पेपरचं दुकान होतं त्याच्या वरच्या मजल्यावर, हा कागद स्वखुशीने आणि कोणाचंही न ऐकता लिहून ठेवते. कोणाचंही न ऐकण्याची मला सवय आहे, त्यामुळे दडपणाचा प्रश्न येत नाही. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण पुढची कलमं वाचून काही बायकांना शंका येईल.

कलम १. यापूर्वी मी सगळी मिळकत मांजरांच्या आश्रमाला दिली होती. ते मृत्युपत्र रद्द समजावं. ते मी रागाच्या भरात केलं होतं. राग अजून आहे, पण मांजरांचा त्याच्याशी काही संबंध नाही हे नंतर लक्षात आलं. या मृत्युपत्राचा अंमल माझे वकील श्री. कॉलम बेअर्ड यांनी करावा. त्यांनी मला फक्त मिळकतीपुरतं लिहायला सांगितलं होतं.

"मिस किनमंड, बाकीचं कायद्यात बसत नाही," ते म्हणाले.

"मग कायद्याला जरा सरकून बसायला सांगा," मी म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ते खिडकीबाहेर बघत बसले, तेव्हा पुढचं मीच लिहिते आहे.

कलम २. माझं दहन करावं. नंतर येणाऱ्यांना खिम्याच्या गरम करंज्या द्याव्यात, काकडीची गार सँडविच देऊ नयेत. "ती फार शांत आणि सोशिक होती" हे वाक्य कोणीही उच्चारू नये. चार वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण ऊना गेली तेव्हा पाद्रीबुवा हे वाक्य म्हणाले आणि अर्ध्या चर्चने माना डोलावल्या. पहिल्या बाकावर बसलेल्या तिच्या नवऱ्यानेही डोलावली. त्याचं तर बरोबरच होतं, त्याच्याइतका त्या सोशिकपणाचा फायदा कोणाला झाला नव्हता.

कलम ३. सदर नवरा, म्हणजे डूगल रॅट्रे, यास मी बटाटे सोलायची सुरी, डबे उघडायची चावी आणि त्याच्याच स्वयंपाकघराचा मी स्वतः काढलेला नकाशा देते. नकाशात ताटल्या कुठे असतात तिथे लाल खूण केली आहे. लग्नापासून ऊना जाईपर्यंत या माणसाच्या पुढ्यात संध्याकाळी पाचच्या ठोक्याला जेवण आलेलं आहे. मिनिटभर उशीर झाला तर तो चमच्याने टेबल वाजवतो. त्या वेळी ऊना कधी दुसरीकडे असल्याचं मला आठवत नाही, माझ्या टपाल खात्यातल्या निरोप समारंभालाही ती चार वाजता येऊन गेली. आता तेच टेबल तिची मुलगी इशबेल सांभाळते. तिच्याविषयी कलम ६ मध्ये.

कलम ४. माझ्या माळ्यावरची हिरवी पत्र्याची पेटी, तीत ठेवलेल्या मुलींच्या जुन्या साप्ताहिकांसह, मी "गोड दिवस मंडळा"ला देते. मंडळ म्हणजे या गावातल्या साठी ओलांडलेल्या काही बायका. त्या महिन्यातून एकदा जमतात, लहानपणी वाचलेल्या चित्रकथांविषयी बोलतात आणि रडतात. रडून झालं की केक खातात. मिसेस मर्टल गिलरॉय या त्यांच्या अध्यक्ष. गेल्या ऑक्टोबरात त्या दोघीतिघींना घेऊन माझ्याकडे आल्या, कारण पेपरवाल्याच्या मुलीकडे जुने अंक असणार हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं.

पेटी मी खाली आणवली होती, पण कुलूप काढलं नव्हतं. मिसेस गिलरॉयनी तिच्यावर हात ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"थोरा, आपलं सगळं बालपण ह्यात आहे गं."

"तुमचं असेल. माझं खाली दुकानात गेलं, गठ्ठे सोडण्यात."

"तेव्हाच्या मुली काय गुणी होत्या. ती चित्रकथेतली नेल आठवते? मरणाऱ्या आईला वचन दिलं म्हणून त्या दुष्ट काकूला कधी उलटून बोलली नाही. मी माझ्या नातीला सांगत असते, नेलसारखी हो."

"मग नात काय म्हणते?"

"ती कानात ते घालून बसते, गाणी ऐकत."

"हुशार आहे पोरगी."

हे त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. "अंक कोरे करकरीत असतील ना गं?" त्यांनी विचारलं.

"एकदाही विकले गेलेले नाहीत," मी सांगितलं. हे शब्दशः खरं आहे आणि न्यायालयात सांगायला मी तयार आहे.

तेवढ्यावर मंडळाने काचेचं कपाट बनवायला टाकलं आणि पुढच्या संमेलनाच्या आमंत्रणावर माझ्या पेटीचं चित्रही छापलं. तेव्हा माझी अट इतकीच की पेटी भर संमेलनात, व्यासपीठावर, मिसेस गिलरॉय यांच्याच हस्ते उघडावी. केक त्याच्या आधी खाऊन घ्यावा.

कलम ५. पेटी उघडल्यावर मंडळाला काय दिसेल ते इथे सांगून ठेवते, नाहीतर बेअर्डसाहेबांवर आळ यायचा. एकाही अंकाला डोकं नाही. न खपलेला अंक परत करून पैसे घ्यायचे तर सबंध अंक पाठवावा लागत नसे. मुखपृष्ठावरची नावाची पट्टी कापून ती तेवढी घाऊकवाल्याकडे धाडायची, उरलेला अंक दुकानदाराने फाडून टाकायचा, अशी पद्धत होती. या गावातल्या निम्म्या बायका असल्या अंकांवर वाढल्या, पण दुकानाच्या मागच्या खोलीत कात्री चालताना कोणी पाहिली नाही. आमचे वडील लांब कात्रीने सरळ रेषेत पट्टी कापायचे आणि फाडायचं काम आमच्यावर सोपवायचे. ते आम्ही कधीच केलं नाही. गिऱ्हाइकाच्या अंकाला हात लावायची आम्हाला बंदी होती, तेव्हा आमच्या वाट्याला हे बिनमुंडक्याचेच यायचे.

अडचण एकच होती. मुखपृष्ठाच्या पाठीमागे नेलची गोष्ट सुरू व्हायची, आणि पुढची पट्टी गेली की मागची वरची चित्रांची ओळही जायची. नेलला काकू काय म्हणाली, नेल काय बोलली, हे आम्हाला दर आठवड्याला कळायचंच नाही. मग आम्ही गठ्ठ्याच्या तपकिरी कागदाच्या पट्ट्या कापायचो, त्यावर हरवलेली चित्रं स्वतः काढायचो आणि कणकेच्या खळीने वर चिकटवायचो. एका आठवड्याला मी, एका आठवड्याला ऊना.

माझ्या पट्ट्यांत नेल पळून जायची. कधी घोड्यावर, कधी बोटीतून. ऊना तिला कुठे न्यायची नाही. ती तिला बोलायला लावायची. काकू म्हणायची, "जिना परत पूस." नेल म्हणायची, "आत्ताच पुसलाय. दिसत नसेल तर चष्मा घ्या." आणि खालच्या छापील ओळीत तीच नेल गुडघ्यांवर बसून, डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू ठेवून, जिना पुसत असायची. आम्ही दोघी इतक्या हसायचो की तागाच्या गिरणीत कानाने कायमची अधू झालेली आमची आईसुद्धा शेजारच्या खोलीतून यायची. तिला आमचा आवाज येत नसे, तिच्या पायाखालची फळी हलायची.

मंडळातल्या बायकांनाही मी ओळखते. सगळ्या आमच्याच दुकानातून अंक न्यायच्या. मर्टल गिलरॉय शाळेच्या पायऱ्यांवर उभी राहून नेलची नक्कल करायची, हात जोडून, मान वाकडी करून, आणि आम्ही पोट धरून हसायचो. आता तीच म्हणते, नातीने नेल व्हावं. लहानपण आठवतंय म्हणतात आणि त्यातलं हसू तेवढं नेमकं विसरतात. असलं स्मरण काचेच्या कपाटात ठेवायच्याच लायकीचं आहे.

त्या साप्ताहिकांनी मुलींना मुकाट्याने सोसायला शिकवलं असंही हल्ली काही शिकलेले लोक म्हणतात. त्यांनाही माझ्याकडून काही मिळणार नाही. ऊना नऊ वर्षांची असताना छापील नेलच्या तोंडावर हसत होती. तिला गप्प बसायला साप्ताहिकाने शिकवलं नाही. तिला गप्प केलं ते डूगलने, आणि "शनिवारीच तर पितो, कमावता आहे" असं म्हणणाऱ्या सगळ्यांनी, त्यात आमची आईही आली. याची चीड मला अजून येते आणि मेल्यावरही ती माझ्या नावावर राहावी.

पेटीतल्या अंकांवरच्या तपकिरी पट्ट्या मी वाफेवर धरून सोडवल्या आहेत. त्या मंडळाला मिळणार नाहीत.

कलम ६. माझी भाची इशबेल रॅट्रे ओर्कनी बेटांच्या बोटीवर यंत्रघरात काम करायची. मोठमोठ्या यंत्रांवर ओरडायची आणि यंत्रं तिचं ऐकायची. ऊना गेल्यावर ती डूगलकडे पंधरवड्यासाठी म्हणून आली आणि अजून तिथेच आहे. नाताळच्या सुमारास मी गेले तेव्हा ती त्याच्या ताटलीतल्या मांसाचे तुकडे करून देत होती. त्याचे हात धडधाकट आहेत, बागेतले कुंपणाचे खांब तो स्वतः ठोकतो.

"बोटीवर कधी जाणार परत?" मी तिला स्वयंपाकघरात गाठून विचारलं.

"बघू. बाबांना एकट्याला जमत नाही गं मावशी. मला त्रास नाही होत."

"हे वाक्य मी ऐकलंय."

"आईकडून?"

"आईकडून नंतर. त्याच्या आधी दर गुरुवारच्या अंकात नेलकडून."

इशबेल हसली नाही. नेल कोण हे तिला माहीत नव्हतं. आईने तिला कधी सांगितलंच नव्हतं. आतून डूगल ओरडला, "चहा होतोय का तिकडे, की गावगप्पा?" आणि ती उठली.

सबब, माझं राहतं घर, बँकेत असेल नसेल ते आणि वडिलांची लांब कात्री मी इशबेलला देते. मूळ मसुद्यात मी अट घातली होती की तिने बापाच्या घरात राहायचं नाही, राहिली तर घर मांजरांना. बेअर्डसाहेब म्हणाले, अशी अट टिकेल की नाही सांगता येत नाही. मी भांडायच्या तयारीत होते. मग रात्री पट्ट्या लावत बसले आणि शेवटच्या भागाची हाती आली.

शेवटच्या भागात काय होतं ते छापील ओळीवरून दिसतंच. नेल पांढरे हातमोजे घालून मोठ्या मोटारीत बसली आहे, शेजारी पिकल्या मिशांचे श्रीमंत आजोबा आहेत, फाटकाशी काकू मान खाली घालून उभी आहे. पोरीने वर्षभर सोसलं म्हणून आजोबा आले आणि घर, मोटार, हातमोजे देऊन गेले. अट घालून घर देणारी मी दुसरी कोण होते? फक्त मिशा नव्हत्या. ऊना ज्या आजोबांची आयुष्यभर वाट पाहत बसली ते आले नाहीत, आणि तिच्या मुलीने माझ्या मरणाची वाट पाहावी असंही मला वाटत नाही. मी मुळीच आजारी नाही. मी पुष्कळ जगेन.

म्हणून अट खोडली आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे. घर मी मेल्यावर तिच्या नावावर होईल. पण मागच्या खोलीत, समुद्राकडच्या खिडकीशी, पलंग आजपासून घातलेला आहे, आणि दाराची दुसरी किल्ली, पट्ट्यांच्या पुडक्यासह, मी बेअर्डसाहेबांच्या टेबलावर ठेवते आहे, तसा निरोपही तिला आज धाडला आहे. इशबेलला यायचं तर तिने यावं. तिथून बोटीवर जावं, नाहीतर बापाकडे परत जावं. मी विचारणार नाही. विचारलं तर उलटून बोलावं.

कलम ७. शेवटच्या भागाची पट्टी ऊनाच्या आठवड्याची होती. कागद आता सुकलेल्या पानासारखा मोडतो, म्हणून तिच्यातला मजकूर इथे उतरवून ठेवते. पट्टी गेली तरी सरकारी शिक्क्याच्या कागदावर तो राहील. एकच चित्र आहे. दारात आजोबा उभे आहेत, हातात टोपी. ते म्हणतात, "बाळ, तुझ्या सोशिकपणाचं बक्षीस घेऊन आलोय." नेल दाराला कडी लावून आतून विचारते आहे, "इतके दिवस कुठे होतात?"

मला हे कोणी विचारायच्या आत किल्ली पोचावी, एवढीच घाई आहे.

वरील मजकूर मी वाचला, माझा आहे, प्रत्येक पानावर सही केली आहे.

थोरा किनमंड

साक्षीदार: बेथिया लमस्डेन, खालच्या मजल्यावरची शेजारीण (सही)
साक्षीदार: फिनले ओगिल्वी, चष्म्यांचे दुकानदार (सही)

ठिकाण: डंडी, श्री. बेअर्ड यांची कचेरी
दिनांक: ९ मार्च २०१७

कचेरीची नोंद: वरील कलम ६ मधील किल्ली व पुडकं समक्ष मिळालं.
इशबेल रॅट्रे (सही). दिनांक तोच. वेळ संध्याकाळी पाच.