भोंग्याच्या जांभया

ता. ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. नकाशांच्या कचेरीत तुला वरची जागा मिळाली हे वाचून आनंद झाला. आनंद एका ओळीत आटोपते, कारण उरलेलं पत्र मला रागासाठी हवं आहे.

राग तुझ्या भोंग्यावर आहे. हो, तुझ्याच. सहा वर्षांपूर्वी बुटांच्या खोक्यात घालून कोणी आणला होता? ताई एकटी असते, तिला सोबत हवी म्हणून! दोन महिन्यांचं पिल्लू असं भुंकायचं की भिंतीवरची घड्याळं दचकावीत. म्हणून भोंगा हे नावही तूच ठेवलंस. आता त्या नावाची मला लाज वाटते.

आमच्यातला करार तुला ठाऊक आहे. दुकान पुढे, मी मागच्या खोलीत डोळ्याला भिंग लावून बसलेली. गिऱ्हाईक आलं की त्याने भुंकायचं आणि मी उठून बाहेर यायचं. दिवसभरात एवढं एकच काम. त्या बदल्यात त्याचे सगळे चोचले मी पुरवते. ताटली लंबकाच्या मोठ्या घड्याळाखालीच लागते, दुसरीकडे ठेवली तर दातांनी ओढत तिथे नेतो. सकाळी रस्त्यावर एक नजर टाकून आल्याशिवाय खात नाही, जणू गावाचा कारभार याच्यावर सोपवला आहे. छत्री दिसली की पलंगाखाली. मी कधी चकार शब्द काढला नाही.

पण थंडी सुरू झाल्यापासून स्वारीने तोंडाला कुलूप लावलं आहे. भुंकणं बंद. एक शब्द नाही. गिऱ्हाईक आलं की हा मागे येतो, माझ्यासमोर उभा राहतो आणि जांभया देतो. एकामागून एक, चांगला जबडा फाडून. मी दुर्लक्ष केलं तर एप्रन दातांत धरून ओढतो. परवा चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग धरलेली असताना याने हिसका दिला. स्प्रिंग उडाली ती फरशीच्या भेगेत गेली. पोस्टमन तर तीनदा चिठ्ठी टाकून गेला, बराच वेळ दार वाजवूनही कोणी उघडले नाही म्हणून. वाजवलं म्हणे! हल्लीची माणसं दाराला बोट लावतात आणि पुढे जातात.

त्यातच चार घड्याळं परत आली. लंबकाची टिकटिक समान पडली की घड्याळ चालतं, लंगडली की तासाभरात थांबतं, हे तुला मी सांगायला नको. बाबांनी दोघांनाही एकाच स्टुलावर बसवून शिकवलं. तीस वर्षं मी कानाने टिकटिक लावते आहे. आता म्हणे माझी घड्याळं घरी नेली की थांबतात. यांच्या भिंती वाकड्या त्याला मी काय करू? आणि नव्या घड्याळांना आवाज तरी कुठे असतो, नुसती कुजबुज.

तर ठरलं आहे. गावाबाहेरच्या रोपवाटिकेच्या मालकांना शांत कुत्रा हवा आहे. महिनाअखेरीस ते भोंग्याला न्यायला येतील. मी भुंकणारं दुसरं पिल्लू बघते आहे.

एवढ्या सगळ्यात एक सुख आहे. वरच्या मजल्यावरच्या गुरुजींनी एकदाचं व्हायोलिन सोडलं. घर कसं शांत झालं आहे.

लोभ आहेच. तो वाढवायचा का, ते भोंग्याच्या बाबतीत तू कोणाची बाजू घेतोस त्यावर ठरवीन.

तुझी,
ताई

*

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना कागद गरम लागत होता. बाजू तुझीच घेतो, पण घाईने निकाल देऊ नकोस. भोंगा म्हणजे सहा वर्षं गल्ली डोक्यावर घेतलेला प्राणी. असा मुका होतो म्हणजे त्याच्या घशाला काहीतरी झालं असेल. आधी गुरांच्या डॉक्टरांना दाखव. आजारी जिवाला घराबाहेर काढलंस तर तुलाच चैन पडणार नाही, हे मी तुझ्या रागाला न भिता लिहितो आहे.

आमच्या बाईसाहेबांचं ऐकशील तर भोंगा तुला संत वाटेल. ही मांजर वाटीतलं पाणी पीत नाही, नळाची धार लागते. धार जाड झाली तर नळाकडे पाठ करून बसते. गेल्या आठवड्यात मी घरी आणलेल्या नकाशावर ओल्या शाईतून फिरली. एका बिनपाण्याच्या गावात चार तळी झाली. साहेबांना काय सांगायचं, या विचाराने मी दोन दिवस जेवलो नाही. तुझी भावजय मात्र तिलाच जवळ घेऊन विचारत होती की शाईने पाय खराब झाले का गं.

डॉक्टर काय म्हणतात ते कळव. तोवर रोपवाटिकेला थोपव. माझ्यावरचा लोभ कमी करायचा असेल तर हप्त्याहप्त्याने कर, एकदम सोसणार नाही.

तुझा,
धाकटा

*

ता. १५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या शब्दाखातर गेले डॉक्टरांकडे. अर्धा दिवस मोडला. त्यांनी भोंग्याचा घसा पाहिला, जबडा उघडला, पोट दाबलं. मग काहीतरी पुटपुटले. काय ते विचारलं तर पुन्हा पुटपुटले. शेवटी मीच कागद पुढे केला. त्यावर त्यांनी लिहिलं, घसा उत्तम, आवाज खणखणीत. खणखणीत! अरे, त्यांच्या टेबलावर उभा राहून हा तीन जांभया देत होता, मी डोळ्यांनी पाहिलं. शेजारच्या बाकावरच्या बाईंनी तेवढ्यात कानांवर हात का ठेवले देव जाणे. दुखत असतील.

म्हणजे आजार नाही. नुसता माज आहे. माझं खातो, माझ्या पलंगाच्या पायथ्याशी झोपतो आणि माझ्याशीच अबोला धरतो. अबोला धरायचा तर अंगाला अंग घासून, पायात पायात घोटाळत कोण धरतं? आता मी उठेन तिथे मागे येतो. चहाचं भांडं उतू जाऊ लागलं की एप्रन ओढतो. दार वाजलं, म्हणजे त्याच्या मते वाजलं, की ओढतो. माझ्या सगळ्या एप्रनांच्या कडा फाटल्या आहेत.

आणखी तीन घड्याळं परत आली. एका गिऱ्हाइकाने मला विचारलं की तुमच्याकडे आता दुसरं कोणी काम करतं का. मी त्याला दार दाखवलं.

रोपवाटिकेचे मालक अठ्ठावीस तारखेला सकाळी येणार आहेत. मध्यस्थी पुरे झाली. बाईसाहेबांना माझा नमस्कार सांग, निदान त्या गप्प तरी बसत नाहीत.

लोभातून एक हप्ता वळता केला आहे.

ताई

*

ता. १६ फेब्रुवारी

मान्यवर नकाशेवाले यांस,
स. न. वि. वि.

आपण गेल्या भेटीत अडीअडचणीसाठी म्हणून आपला पत्ता ठेवून गेला होता. अडचण आली आहे. मी आपल्या भगिनींच्या वरच्या मजल्यावर राहतो व सकाळ-संध्याकाळ व्हायोलिनची शिकवणी घेतो.

त्यांचा कुत्रा दिवसभर भुंकतो. पूर्वीही भुंकत असे, परंतु त्याला काही सीमा होती. आपल्या भगिनी उठून बाहेर आल्या की तो थांबे. आता त्या येत नाहीत आणि तो थांबत नाही. माझे विद्यार्थी सूर लावतात तोच खालून हा सुरू होतो. मी काठीने जमीन ठोकून पाहिली, उपयोग नाही. अखेर मी स्वतः खाली जाऊन नम्रपणे तक्रार केली. त्यावर त्या मला म्हणाल्या की कुत्रा मुका झाला आहे. तो त्या क्षणी आम्हा दोघांच्या मध्ये उभा राहून भुंकत होता! वर, मी व्हायोलिन सोडल्याबद्दल त्यांनी माझे अभिनंदन केले.

महोदय, मी व्हायोलिन सोडलेले नाही. बावीस वर्षे मी हे काम करतो आहे. माझी अशी थट्टा आजवर कोणी केली नाही. त्या फटकळ आहेत हे जाणतो, पण दुष्ट नव्हत्या. कृपया त्यांना समज द्यावी.

आपला,
वरच्या मजल्यावरील शिक्षक

*

ता. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. पाचव्यांदा सरळच लिहितो.

ताई, भोंगा भुंकतो.

तो थंडीपासून रोज भुंकतो आहे. गुरुजींचं पत्र आलं आहे, सोबत ठेवलं आहे, रागावू नकोस, वाच. त्यांनी व्हायोलिनही सोडलेलं नाही. तुझी दोन्ही पत्रं, ती परत आलेली घड्याळं, पोस्टमनच्या चिठ्ठ्या, ती कानांवर हात ठेवणारी बाई, सगळं मी टेबलावर मांडलं आणि ओळीने जुळवलं. तुला ऐकू येत नाही, ताई. भोंग्याला ते आपल्या सगळ्यांच्या आधी कळलं. भुंकून तू उठत नाहीस म्हणून तो एप्रन ओढतो. त्याने अबोला धरलेला नाही.

दोष माझाही आहे. गेल्या भेटीत मी दोनदा काही विचारलं, तू उत्तर दिलं नाहीस. मी समजलो तू रुसलीस, आणि उलट रुसून गाडीत बसलो. सख्खा भाऊ असून मला कळू नये याचा मला स्वतःवर संताप येतो आहे.

कानाच्या डॉक्टरांना दाखवू. यात कमीपणा काही नाही. माझ्या सांगण्यावर विश्वास नसेल तर भोंग्याच्या गळ्यावर हात ठेवून पाहा. पण अठ्ठावीस तारखेला त्याला देऊ नकोस. एवढं एकच मागणं मागतो.

लोभाबद्दल आज काही मागत नाही.

धाकटा

*

ता. २३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

पत्र मिळालं. तीस वर्षं कानावर पोट भरणाऱ्या बहिणीला बहिरी म्हणायला तुला पाच कागद लागले, हे विशेष. गुरुजींचं आणि तुझं एकत्र शिजलेलं दिसतं. कोणाच्याही गळ्यावर मी हात ठेवणार नाही. अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस. उत्तर पाठवू नये.

ताई

*

ता. २८ फेब्रुवारी, दुपार

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे, हे आधी लिहून ठेवते.

सकाळी भोंग्याला आंघोळ घातली. ताटली आणि पांघरूण पिशवीत भरलं. गळ्यातला पट्टा झिजला होता, परक्या घरी असा जायला नको म्हणून नवा आणला होता. मागच्या खोलीत जमिनीवर बसून तो चढवत होते. माझी दोन बोटं पट्ट्याखाली, घट्ट तर होत नाही ना ते बघायला. तेवढ्यात त्याने पुढच्या दाराकडे मान वळवली आणि जांभई दिली.

जांभईने गळा असा हादरत नाही रे. माझ्या बोटांना धक्के बसले. एक, दोन, तीन, थांबून पुन्हा तीन. कोपरापर्यंत हात थरथरला. मी दाराकडे पाहिलं तर रोपवाटिकेचे मालक दोरी घेऊन उभे होते. केव्हाचे उभे होते कोण जाणे. भोंगा स्वतःला न्यायला आलेल्या माणसाची वर्दी मला देत होता. मी उठेना तसा त्याने एप्रन धरला.

चार महिने मी त्याला मुका म्हटलं, माजोरडा म्हटलं, आणि चार महिने तो माझ्यासाठी घसा फोडत होता. कोणाची माफी मागायची मला सवय नाही, तुला माहीत आहे. त्याची मागितली, त्या माणसासमोर, जमिनीवर बसूनच. पिशवीही लगेच उपसली. त्याने ताटली ओढत जागेवर नेली.

मालक काहीतरी बोलले. त्यांचे ओठ हलत होते आणि मी नेहमीसारखं मनात म्हणणार होते की काय ही माणसं पुटपुटतात. म्हटलं नाही. जरा मोठ्याने बोला, मला ऐकू येत नाही, असं त्यांना सांगितलं. हे वाक्य तोंडातून निघायला इतका जोर लागेल असं वाटलं नव्हतं. भला माणूस, त्याने कुत्र्याची चौकशी सोडून माझ्यासाठी पाणी आणलं.

मग मी मोठ्या घड्याळाच्या पेटीवर तळवा टेकून बसले. टिकटिक हाताला लागते. लंगडतेय हेही लागतं. परत आलेली सातही अशीच लावता येतील का, ते बघायचं आहे. त्या गिऱ्हाइकांच्या भिंती सरळ होत्या, हे सात जणांच्या घरी जाऊन सांगायचं आहे. गुरुजींकडे जाणं सगळ्यात अवघड. ते मी उद्यावर ढकललं आहे.

तुझ्यावरचा राग असा की तुला ताई बहिरी झाली हे पत्रांतून कळलं. तीन तासांच्या गाडीच्या अंतरावर राहतोस. ताईचं उत्तर आलं नाही तर रुसून गाडीत बसायचं नसतं, ताईचा खांदा हलवून पुन्हा विचारायचं असतं. कुत्र्याला जमलं ते तुला जमू नये? मी रात्रंदिवस एकटी आहे, धाकट्या, आणि मला भीती वाटते आहे. ती लपवायला मला चांगला राग येतो, एवढंच.

बुधवारी दहा वाजता कानाच्या डॉक्टरांकडे जायचं आहे. तू ये. ते सांगतील ते मला दोनदा विचारावं लागेल, आणि परक्या माणसाला दोनदा विचारणं मला अजून जमत नाही.

लोभाचे कापलेले हप्ते परत केले आहेत. येताना मोजून घे.

तुझी,
ताई