मयूची एकटीची शिकवणी

सोम., ७ जुलै
मयूच्या चाचणीचा पेपर मिळाला. गणित, वीसपैकी पाच. दहावीचं वर्ष आणि ही पोरगी तोंड शिवल्यासारखी गप्प. स्टेशनजवळच्या क्लासच्या सरांना फोन केला. म्हणे, "ताई, बॅचमध्ये तीस मुलं. ती काही विचारतच नाही." मग तुम्ही विचारा ना. डोकंच फिरलं. हे म्हणाले, "घरी लावू एकटीला." क्लास बंद.

गुरु., १०
चौथ्या मजल्यावरच्या सीमा मॅडम आजपासून आमच्याकडे, पाच ते सहा. झकास शिकवतात, समीकरण मलासुद्धा कळलं. आमची खोली एकच, म्हणून सासूबाईंनी मालिका बंद ठेवली, मी मिक्सर लावला नाही, हे पलंगावर मांडी घालून ऐकत. "समजलं?" "हो." छान वाटलं.

मंगळ., १५
"समजलं?" "हो." वहीत बघते तर पान कोरं. राहवलं नाही. "अगं, आत्ता तर सांगितलं ना मॅडमनी." सासूबाई म्हणाल्या, "माझ्यावर नाय गेली गो ही." सगळे हसलो. मयू नाही हसली. जेवताना ह्यांनी परत तोच विषय काढला.

शनि., १९
काल संध्याकाळी आम्ही तिघं मरोळला हळदीला. शिकवणी बुडू नये म्हणून मयूला घरी ठेवलं. आज जिन्यात मॅडम भेटल्या. "काल तासाभरात अकरा प्रश्न विचारले तिनं. सातवीतलं उणे-अधिकपण विचारलं."
अकरा. माझ्यासमोर एक नाही.
मयूला छेडलं. म्हणाली, "क्लासमध्ये चुकलं की मुलं हसतात, पण ती जेवायला आपल्या घरी येत नाहीत ना, आई."
लागलं. मोरीत जाऊन रडले.

रवि., २०
परत क्लास लावायचा? मयूला नको. मग तीच म्हणाली, मी आणि पूर्वा, दोघीच, मॅडमकडे, सोसायटीच्या ऑफिसात. पूर्वा तिच्याच वर्गातली, गणितात हिच्याहून कच्ची. दोन कच्च्या पोरी एकत्र म्हणजे वाट लागली, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. मॅडम म्हणाल्या, "करून बघू महिनाभर." हे अजून नाराज. पण हो म्हणाले.

मंगळ., २२
पहिला दिवस. पाण्याची बाटली द्यायचं निमित्त करून ऑफिसच्या दाराशी गेले. आतून मयूचा आवाज, चांगला मोठा. "मॅडम, थांबा. मला नाही समजलं."
इतकं बरं वाटलं. बाटली घेऊन तशीच परत आले.
पुढची चाचणी ऑगस्टमध्ये. किती पडतील देव जाणे. आल्यावर तिला काही विचारायचं नाही, ठरवलंय. सहाला पाच कमी आहेत. जमेल का मला?