कुठला फंड?

अहो,

तुम्हाला नावाने कधी हाक मारली नाही, आता पत्रात तरी कशी मारू? आज शेजारचे साठेभावजी आले होते. तुम्ही त्यांच्याकडून घेतलेल्या म्युच्युअल फंडाची मुदत संपली. पैसे काढायचे की पुन्हा गुंतवायचे, हे त्यांनी मला विचारले. मला! म्हणून लिहायला बसले.

मानपाड्याची तुमची कंपनी बंद पडली आणि प्रॉव्हिडंट फंड हातात आला, तेव्हा मी म्हटले होते, "बँकेत मुदत ठेव करू. सुधाच्या कॉलेजला होईल."

तुम्ही हसलात. "अगं, फंडातले पैसे फंडातच टाकतोय. इतकी वर्षं पगारातून फंड कापला, कधी बुडाला का?"

भावजी चहा पीत होते. "वहिनी, बँकेत पैसा झोपतो, फंडात पळतो!"

"पळून कुठे जाईल ते बघा," मी म्हटले. दोघेही हसलात. एका शब्दावर केवढा तुमचा विश्वास! हा फंड शेअर बाजारावर चालतो, हे भावजींनी नीट सांगायला नको होते का? आणि तुम्ही तरी विचारायचे ना!

पुढे तुम्ही रोज पेपरात भाव बघायचात. भाव घसरला की ते पान आत घालून पेपर माझ्याकडे द्यायचात. दुपारी मी नेमके तेच पान काढायची. एका खोलीत राहून आपण एकमेकांपासून काय लपवत होतो?

हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी तुम्ही म्हणालात, "सुधाच्या फीची काळजी करू नकोस. फंड आहे." मी "हो" म्हटले. तुम्हाला खरे ठाऊक होते ना? मग तो धीर मला होता की स्वतःला?

आज भावजी म्हणाले, "तोट्यात काढू नका वहिनी. नवीन फंड आलाय."

"कुठला फंड?" मी विचारले. ते सांगत राहिले. कळले नाही ते मी पुन्हा विचारले. नव्या फंडात थांबले तर तोटा भरून निघेलही. बँकेचे व्याज महागाईला पुरत नाही, हेही मला कळते. पण सुधाची ॲडमिशन थांबणार आहे का? मी पैसे काढून मागितले. बरोबर केले ना? अजून मन थाऱ्यावर नाही.

जे येईल ते बँकेत ठेवते. कमी पडले तर शिवणकाम आहे. सुधाचे कॉलेज सुटू देणार नाही, हे वचन. फी त्या ठेवीतूनच जाईल. पण कधी भेटलो आणि तुम्ही विचारलेत, तर मी सांगेन, फंडातून भरली.

तुमची,
सुधाची आई