२०७० पर्यंतचा तलाव

५ जानेवारी २०२५

नोटीस आली! ग्रामपंचायतीच्या भिंतीला चिकटवून गेले. मच्छीमार सोसायटीला साधी प्रतसुद्धा दिली नाही. आपला तलाव म्हणे 'निष्क्रिय जलक्षेत्र' आहे. त्यावर तरंगते सोलर पॅनल बसणार – वीज होणार, पाणी झाकलं जाणार. वीस फेब्रुवारीला गोंदियात सुनावणी.

निष्क्रिय! साठ घरं ज्या पाण्यावर जेवतात, ते निष्क्रिय. ज्यानं लिहिलं तो मे महिन्यात आला असणार, आणि जीपमधून खाली पाय ठेवला नसणार.

सोसायटीची सचिव मी आहे. घाबरलेली नाही. तारखेनिशी लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको.

७ जानेवारी

संध्याकाळी शाळेतल्या रंजिता मॅडमकडे गेले. त्यांनी मोबाईलवर केंद्र सरकारचं ते मोठं धोरण उघडलं. शंभरावर पानं, सगळं इंग्रजीत. त्या वाचत गेल्या आणि मला सांगत गेल्या. २०७० पर्यंत देशाचा धूर शून्यावर आणायचा. म्हणजे जेवढा सोडायचा तेवढा झाडांनी, मातीनं परत गिळायचा. कोळसा कमी, उन्हाची वीज जास्त.

मी भांडायच्या तयारीनं गेले होते, आणि मला ते पटलंच की! चाळीस-पंचेचाळीस वर्षं पुढचं कुणीतरी बघतंय, हे काही वाईट नाही. आमच्याकडे लोक पुढच्या मंगळवारच्या बाजारापलीकडे बघत नाहीत.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "दोन हजार सत्तर मंदी मी कोठी राहीन वो? मले कायले सांगून राहिलीस?" मी हिशेब केला – मी तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांची असेन. काठी टेकत का होईना, तलावावर जाईन. पॅनलच्या पत्र्यावर काठी आपटायला नाही, मासे बघायला.

९ जानेवारी

मॅडमचा सल्ला पक्का आहे. "अंजूताई, सोलरले विरोध करू नका. सोलर कुठंही बसते. तलाव त्यांच्याच धोरणाचं काम करून राहिला, हे दाखवा. आकडे द्या. आणि तुलना द्या – नुसतं आमचा चांगला म्हटलं तर कोणी ऐकत नाही."

तुलना! हे मला सुचलं नव्हतं. बाईचं डोकं आहे खरं.

१२ जानेवारी, रविवार

आज मोजणी. अकरा जणी पाण्यात, मी काठावर वही घेऊन. सासूबाई सर्वांत पुढे, कमरेएवढ्या पाण्यात. सत्तरी ओलांडली तरी पाण्याखालची वनस्पती त्या पायाच्या बोटांनी ओळखतात! बोटं फिरवतात आणि ओरडतात, "हे चिला. हे परसूड. हे देवधान. हा दगड हाये, लिवू नोको!" सगळ्या हसून हसून बेजार.

आठ वर्षांपूर्वी इथे पाण्यात फक्त बेशरमीची झुडपं माजली होती. नावाप्रमाणेच – उपटली की आठवड्यात पुन्हा हजर. ती मुळासकट काढली. मग दर मे महिन्यात पाणी आटलं की कोरडा काठ नांगरायचा आणि त्यात देवधान, चिला लावायचं. पाणी चढलं की गवत वाढतं, त्यात मासा अंडी घालतो. लोक हसायचे – मासे धरणाऱ्या ढिवराच्या बाया तलावात शेती करून राहिल्या म्हणे! आता मरळ विकायला नेते तेव्हा तेच हात पुढे करून उभे असतात.

एकूण बेचाळीस जाती. बेचाळीस! मी तीनदा मोजल्या.

१४ जानेवारी

संक्रांत. हळदीकुंकवात वाणाऐवजी हरकतीच्या अर्जावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. एकीनेही नाही म्हटलं नाही.

१९ जानेवारी

कालपासून माहेरी. तुलनेसाठी काहीच हात न लावलेला तलाव पाहिजे होता आणि माहेरचा त्यात पहिला नंबर काढेल असा आहे. धाकट्या भावानं, भुपेंद्रनं स्वतः डोंग्यात बसवून फिरवलं. निम्म्या पाण्यावर बेशरम. जाळं टाकलं तर तिच्यातच अडकलं. वनस्पतींच्या नऊ जाती सापडल्या, त्याही ओढूनताणून.

भुपेंद्रला जराही वाईट वाटलं नाही. वल्हं मारत हसत होता. "लिव बिनधास्त! मेला हाये आमचा तलाव. तुमचा तं वाचन ना त्यापायी." मग जरा गंभीर झाला. तीस घरं तिथे मासेमारीची. पोरं नागपूरला निघून चालली. "पन बाई, औंदा मे मंदी आमी नांगर धरतो. सगळ्याइले तयार केलं म्या. तुमी बाया येजा, आमाले शिकवजा."

येणार म्हटलं. देवधानाचं बी आमचंच नेऊ. निघताना वहिनीनं लाखोळीची डाळ बांधून दिली. भावावर फार माया आली. हे त्याला सांगितलं नाही, इथे लिहिते.

२ फेब्रुवारी

तक्ता लिहायला बसले. मोठा कार्डशीट घेतला, पट्टीनं रकाने आखले. डावीकडे आमचा तलाव, उजवीकडे माहेरचा. वनस्पती, मासे, पक्षी, किती घरं पोट भरतात, आणि शेवटी शेरा.

आमचे हे डोकावून म्हणाले, "बेचाळीसचे पन्नास कर. कोन पाह्यते?" मी पट्टीच उगारली! खोट्याचा एक आकडा सापडला की खरे एकेचाळीस बुडतात. आमच्या बाजूला एकही जात वाढवली नाही, माहेरच्या बाजूला एकही कमी केली नाही.

शेऱ्यात आमच्याकडे लिहिलं – जिवंत, समृद्ध. माहेरच्या तलावासमोर काय लिहावं, बराच वेळ विचार केला. 'खराब' लिहिलं तर फिकं पडतं. 'तलाव जवळजवळ मृत' लिहिलं. मॅडमनी वाचून मान हलवली – "एकदम ठसठशीत." खाली सही, सोसायटीचा शिक्का. अक्षरही छान आलंय. बारावीत सुलेखनात बक्षीस होतं, उगाच नाही.

२० फेब्रुवारी

गोंदियाहून आत्ताच आले. चपलाही काढल्या नाहीत, आधी वही उघडली!

मोठा हॉल, पुढे पाच-सहा साहेब. दिल्लीचे साहेब मधे बसलेले. आधी एकानं पडद्यावर चित्रं दाखवली – निळं पाणी, त्यावर चकचकीत पॅनल. बघायला सुंदर. मग माझं नाव पुकारलं, पाच मिनिटं दिली. मी म्हटलं, साहेब, तुमचं २०७० चं धोरण मला मान्य आहे. तुम्हाला धूर गिळणारी माती पाहिजे, आम्ही ती आठ वर्षांपासून राखतोय. पाणी झाकलं की गवत मेलं, गवत मेलं की मासा गेला, मासा गेला की आम्ही शहरात. मग तुमच्या शून्याचा हिशेब कुठे लागणार?

सासूबाई मागच्या खुर्चीवरून ओरडल्या, "बराबर बोलून राहिली सून माही!" साहेबही हसले.

मग तक्ता उघडला. साहेबांनी चष्मा वर केला, उठून जवळ आले, बोट फिरवत वाचला. "मॅडम, इतना साफ डेटा तो हमारे पास भी नहीं है." नकाशावर दोन्ही तलाव दाखवायला सांगितले, मी दाखवले. तक्त्याचा फोटो काढून घेतला, मूळ कागदही फायलीला लावला. चहा पाजला.

जिंकलो. पत्र यायचंय, पण जिंकलो. मला कळतं.

२१ फेब्रुवारी

आज काही लिहीत नाही. अंग दुखतंय. मन नाही.

१७ मार्च

पत्र आलं!! आपला तलाव यादीतून वगळला. 'जैवविविधतेच्या दृष्टीने समृद्ध, स्थानिकांकडून उत्तम संवर्धन' – सरकारी कागदावर, शिक्क्यासकट. मॅडमनी दोनदा मोठ्यानं वाचलं. सासूबाईंना 'जैवविविधता' म्हणता येईना, तरी गल्लीभर सांगत फिरल्या.

रात्री सगळ्यांचा स्वयंपाक एकत्र. झिंग्यांचा रस्सा, भात. आमचे हे वाढायला उभे राहिले – लग्नाला सतरा वर्षं झाली, पहिल्यांदा! मी उगाच नम्रपणा करणार नाही. हे मी केलं. आम्ही बायांनी केलं. दिल्लीला समजावता येतं. फक्त त्यांच्या भाषेत, खरं, आणि स्वच्छ अक्षरात लिहायचं.

२४ मार्च

देवधानाचं बी निवडलं, दोन पोती. एक आमचं, एक माहेरचं.

३ एप्रिल

दुपारी भुपेंद्रचा फोन. नवी यादी लागली. आमच्या जागी माहेरचा तलाव. सुनावणी नाही, गरज नाही म्हणे – पुरावा फायलीत आहे. माझा तक्ता जोडलाय. सही, शिक्का, सगळं.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "खोटं तं काईच नाई लिवलं तुनं, बाई." मग हळूच – "आमी मे मंदी नांगर धरनार होतो, हे कोठी लिवलं होतंस काय?"

नाही लिहिलं. त्याला रकाना नव्हता. रकाने मीच आखले होते.